अकरा जणींचं एकच वाक्य

३ तारीख, सोमवार

आज वही मिळाली. निळा पुठ्ठा, रेघांची, आत नवाकोरा वास. मी चौथी पास, तीही शेवटच्या परीक्षेला गुरुजींनी दया केली म्हणून. मला कुणी वही देईल असं वाटलं नव्हतं. आभार मानायची मला सवय नाही, पण ही पहिली ओळ तेवढ्यासाठीच.

देणारी पोरगी मोठ्या डिग्रीसाठी आमच्यावर लिहितेय. आमच्यावर म्हणजे हॉस्पिटलच्या धुलाईत काम करणाऱ्या बायकांवर. आम्हाला काम कसं वाटतं, मशीनवर इजा होते का, झाली तर आम्ही बोलतो का, असलं सगळं. गेल्या महिन्यात तिने एकेकीला बसवून मुलाखती घेतल्या. अकरा जणींच्या. आम्ही तिला वहीवाली म्हणतो. ती मला मावशी म्हणते.

म्हणाली, "मावशी, सहा आठवडे मनात येईल ते लिहा. दाखवायचं की नाही ते तुमच्यावर."

"आणि चुकलं तर?"

"यात चूक नसते."

असं कुठलं काम असतं बाई, ज्यात चूक नसते.

वही मला एकटीलाच दिली. मी सगळ्यांत जुनी म्हणून असेल.

४ तारीख, मंगळवार

आमचं काम लिहून ठेवते, नाहीतर मी पुढे काय लिहिते ते मलाच कळायचं नाही. तळमजल्याला धुलाई. चादरी धुऊन, पिळून येतात, मग रोलरवर जातात. रोलर म्हणजे दोन माणसं मावतील एवढी तापलेली लाटणी. ओली चादर एका बाजूने आत सरकवायची, दुसरीकडून कडक होऊन बाहेर. लाटण्यांच्या तोंडाशी एक जाळी असते. बोटं जवळ गेली की जाळी हलते आणि मशीन थांबतं. पुढे दोघी दोघी मिळून घड्या घालतात. शेवटी उजेडाचं टेबल. वर काच, खाली दिवे. त्यावर चादर पसरून भोक, डाग, उसवलेली शिवण बघायची. ते टेबल माझं. बायका मला फौजदार म्हणतात. म्हणू देत.

मुलाखतींच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना घडीच्या जागी गोळा केलं आणि सांगितलं, एकीने एक आणि दुसरीने दुसरं असं चालणार नाही. सगळ्यांनी एकच सांगायचं. मशीन आपल्या घरच्यासारखं आहे, जाळी जागेवर असते, काही त्रास नाही. दोनदा म्हणूनही घेतलं. जिला आम्ही रेडिओ म्हणतो तिने तर गाण्याच्या चालीवर म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सगळ्या नीट बोलल्या. एकही अडखळली नाही.

६ तारीख, गुरुवार

धाकट्या जावेचं लिहायचं टाळत होते. टाळून काय होणार, ती तर भिंतीपलीकडे बसलीये. एकच ओटा, एकच नळ, खोल्या दोन.

तीही धुलाईतच होती, रोलरवर. दोन महिन्यांपूर्वी उजव्या हाताची दोन बोटं सापडली. हाडं जुळली, पण बोटं वळत नाहीत. सुपरवायझर म्हणाला, कामावरची इजा लिहिली तर चौकशी होईल, जाळी हलू नये म्हणून कुणी बांधून ठेवली ते निघेल, सगळ्या जाल. घरी लागलं म्हणा, हात बरा झाला की परत घेतो.

म्हणून मी सांगितलं, घरच्या दारात हात सापडला. तेही वाक्य सगळ्यांकडून म्हणून घेतलं.

मी तिचं वाईट केलं का? दहा जणींची पोटं वाचवली, तिची जागा राखली. तरी ती माझ्याशी बोलत नाही. कप ठेवते तो आपटून. विचारलं तर म्हणते, "हातात जोर नाही, जाऊबाई." जोर नसलेल्या हाताने एवढा आवाज येतो का?

१० तारीख, सोमवार

वहीवाली पुन्हा आली. मुलाखती संपल्या, मग आता काय, असं विचारलं. म्हणे तुमच्याबरोबर काम करून बघते. घडीला उभी राहिली. चादरीची टोकं पकडून अशी चालत आली की रेडिओ म्हणाली, "अगं, वरात नाहीये, चार पावलं पटकन टाक." चार चादरी बिघडवल्या, पण रुसली नाही. दमून पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "मावशी, 'घरच्यासारखं मशीन' असं तुमच्यात म्हणायची पद्धत आहे का?"

"आहे की."

"सगळ्याच म्हणाल्या."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

म्हणाली, तिच्या मॅडम सांगतात, नवीन काही कानावर येईनासं झालं की मुलाखती थांबवायच्या, पुरे झालं समजायचं.

"मग थांबव की. उगाच कशाला पाय मोडतेस."

"तेच जमत नाहीये," म्हणाली.

माझ्या उत्तराने तिचं समाधान झालं, असं मला वाटलं. एका झटक्यात दिलं होतं.

११ तारीख, मंगळवार

आज ती माझ्या टेबलाशी होती. चादर कशी बघायची ते शिकवलं. ठिगळवाली चादर आली की पोरी तिच्यावर नजर रोवून बसतात. ठिगळाचं काय बघायचं, ते तर सांगतंच आहे. जी चादर गुळगुळीत, एकसारखी येते तिला उजेडावर धरायची. मग उलटी करायची. मग कडेने बोट फिरवायचं, कारण डोळा कंटाळतो, बोट कंटाळत नाही. आणि मुख्य नियम असा की, जिने घडी घातली तिने पास करायची नाही. आपल्या घडीतलं भोक आपल्याला दिसत नाही. आपला तो बाब्या.

ती भराभर लिहीत होती. म्हणाली, "आमच्यातही असंच असतं. लिहिलेलं ज्याचं त्याला परत दाखवायचं, दुसऱ्या बाजूनेही विचारायचं. आणि आपल्याला काय दिसावंसं वाटत होतं, तेही लिहून ठेवायचं."

"म्हणजे तू कागद धुतेस."

"आधी मळवते, मग धुते," ती म्हणाली. हसलो दोघी. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी एवढं विचारलं नव्हतं. नवऱ्यालाही ठाऊक नाही मी नक्की काय करते. चादरी, एवढंच त्याला माहीत.

१४ तारीख, शुक्रवार

तिने माझ्या मुलाखतीचे कागद आणून दिले, टाइप केलेले. म्हणाली, वाचा, तुमचं बोलणं बरोबर उतरलंय का सांगा, नको असेल ते खोडा. माझं बोलणं छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. बोट ठेवून ठेवून वाचलं. जेवणाची सगळी सुट्टी त्यात गेली.

सगळं बरोबर होतं. एका जागी मात्र मला राग आला. "माझ्या जावेचा हात" आणि "घरच्या दारात सापडला" यांच्या मध्ये तिने कंसात लिहिलं होतं, "बराच वेळ गप्प."

"हे कशाला? मी गप्प बसले तेही लिहिलंस?"

"ते पण तुम्हीच केलंत ना, मावशी."

"खोडू?"

"खोडा की. तुमचं आहे."

पेन हातात घेतलं होतं. नाही खोडलं. का नाही ते माहीत नाही. दुसरीच्या कागदांतही असं गप्प लिहिलंय का, विचारलं. म्हणाली, दुसरीचं तुम्हाला सांगता येत नाही, तुमचं दुसरीला सांगणार नाही. हे मात्र आवडलं. आमच्या धुलाईत सकाळी शिंकलं तर दुपारी सगळ्यांना सर्दी.

१६ तारीख, रविवार

कागद फळीवर ठेवले होते. जावेने वाचले. ती दहावीपर्यंत शिकलेली, तिला बोट ठेवावं लागत नाही. वाचून जसेच्या तसे ठेवले, वर वाटी ठेवली उडू नयेत म्हणून. मग डाव्या हाताने फडका घेऊन बाहेरचं दार पुसायला बसली. वरपासून खालपर्यंत, बिजागऱ्यांसकट. रविवारी दार पुसायचं हे कुठलं खूळ?

१७ तारीख, सोमवार

वहीवाली घरी आली, जावेची चौकशी करायला. मी चहा टाकला. बघते तर वहीवाली दारात उभी, एका बोटाने दार पुढे ढकलतेय, मागे ओढतेय, लहान पोरासारखी. आमचं दार ते काय दार. प्लायचं, पावसाने फुगलेलं, चौकटीत बसतच नाही. सुतळीने बांधतो. फुंकर मारली तरी हलतं.

जाऊ आतून बघत होती. म्हणाली, "सांभाळा हो ताई, आमच्या दाराला फार जोर आहे."

आणि हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. वहीवाली हसली नाही, तिने दार हळूच लावून घेतलं. एवढं हसण्यासारखं काय होतं देव जाणे, पण जाऊ हसली याबद्दल मी त्या पोरीची ऋणी आहे.

१९ तारीख, बुधवार

आज डोक्यात घण पडतायत.

सुपरवायझरने यादी लावली. महिनाअखेर जावेचं नाव कमी. मी त्याच्या टेबलाशी गेले.

"परत घेतो म्हणाला होतात."

"हात बरा झाला की म्हणालो होतो. झालाय?"

"नाही झाला. पण हलकं काम तरी द्या."

"हलकं काम कामावर लागलेल्याला देतात. हिला घरी लागलंय. मी म्हणत नाही बाई, तुम्हीच म्हणताय. अकरा जणी म्हणताय, त्या डिग्रीवाल्या मुलीसमोर." आणि चहाचा घोट घेतला. "तिचं पुस्तक वर साहेबांकडे जाणार आहे. मी तर म्हटलं, बरं झालं, बाहेरच्या माणसाने लिहिलं म्हणजे शिक्कामोर्तब."

माझंच वाक्य. माझ्याच तोंडावर कडक इस्त्री करून मारलं.

घरी येऊन जावेला सांगितलं. वाटलं रडेल. तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मी म्हटलं, अगं, मी सगळ्यांचं भलं बघितलं, झाकली मूठ...

"माझी मिटत नाही, जाऊबाई," ती म्हणाली. हात पुढे केला. खरंच मिटत नाही.

मग म्हणाली, "हाताचं मला एवढं नाही. त्या दिवशी बटण दाबून मला सोडवलंत ते तुम्हीच. माझा हात मांडीवर घेऊन बसलात. तुमचं लुगडं खराब झालं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठ करून दिलंत की मी तिथे नव्हतेच."

मी तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडले.

२० तारीख, गुरुवार

लिहूनच टाकते. जाळी मी बांधली. चादरीच्या फाटक्या पट्टीने, माझ्या हाताने, दुहेरी गाठ. जाळी मोकळी असली की ओल्या चादरीच्या धक्क्यानेही मशीन थांबायचं आणि दिवसाचा आकडा पुरा व्हायचा नाही. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा. सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं, जावेनेसुद्धा. गाठ अजून तिथेच आहे.

२१ तारीख, शुक्रवार

अर्धी रजा टाकून वहीवालीच्या कॉलेजात गेले. तिची खोली म्हणजे आमच्या कपडे टाकायच्या कोनाड्याएवढी, वर कागदांचे ढीग. मी बसायच्या आधीच बोलायला लागले. सगळं सांगितलं. पाठांतर, दार, गाठ. तिने ते आवाज पकडायचं यंत्र चालू केलं नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "लाव ते, पुन्हा सांगते."

मला वाटलं ओरडेल. तिची कित्येक महिन्यांची मेहनत मी पाण्यात घातली. तिने फक्त विचारलं, "वही भरतेय ना, मावशी?" शिकलेली माणसं कुठल्या वेळी काय विचारतील.

मग तिने तिची स्वतःची वही काढली. तीही लिहिते. एक पान दाखवलं, मुलाखती संपल्या त्या दिवशीचं. लिहिलं होतं, "सगळ्यांचं इतकं जुळतंय की मला आनंद झाला. आनंद झाला म्हणून शंका आली. मला हेच ऐकायचं होतं का?"

"हे तू मोठ्या मॅडमना दाखवणार?"

"पुस्तकात घालणार. पहिल्या अकरा मुलाखतींतली उत्तरं ठरवून दिलेली होती, मला ते लगेच कळलं नाही, कसं कळलं, सगळं."

स्वतःची चूक छापून घेणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. आम्ही तर घडीतलं भोक आतल्या बाजूला घालतो.

पुढे म्हणाली ते जड होतं. तिने आम्हाला वचन दिलंय की कोण काय बोललं ते बाहेर जाणार नाही. त्यामुळे तिचे कागद जावेसाठी हॉस्पिटलात दाखवता येणार नाहीत, आणि पुस्तक व्हायला वर्ष लागेल. "यादी तर महिनाअखेरची आहे, मावशी."

"म्हणजे मीच जाऊन सांगायचं."

"मी 'जा' म्हणणार नाही. गाठ तुम्ही बांधलीत. त्याचं काय होईल मला माहीत नाही."

चहा पाजला. जिन्यापर्यंत सोडायला आली. माझ्याशी खोटं बोलायची तिला चांगली संधी होती, तिने ती घेतली नाही.

२२ तारीख, शनिवार

घडीच्या जागी पुन्हा सगळ्यांना गोळा केलं. सांगितलं, सोमवारी मी सुपरवायझरच्या वरच्या मेट्रनबाईंकडे जाणार, खरं सांगणार.

रेडिओ उसळली. "फौजदार, तूच पाठ करून घेतलंस. मी झोपेत बडबडतेय ते अजून."

"हो. माझं चुकलं."

सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी चुकलं म्हणाले म्हणून, मला कळतं.

एकीने विचारलं, "मग आता काय बोलायचं ते सांग."

तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. म्हटलं, "काही नाही. यायचं तिने यावं, नाही तिने येऊ नये. आली तर जे बघितलं ते सांगावं. नसेल बघितलं तर नाही बघितलं म्हणावं."

२४ तारीख, सोमवार

सकाळी रोलर तापायच्या आधी गाठ सोडली. इतकी आवळली होती की दातांनी सोडवावी लागली. पट्टी पदरात घेऊन वर गेले. मागे वळून बघितलं नाही. वर पोचल्यावर बघितलं तेव्हा सहा जणी होत्या, आणि जाऊ, चांगली साडी नेसून. चौघी आल्या नाहीत. एकीचा नवरा घरी बसून आहे, मला राग नाही. एका अर्थी बरंच झालं. सगळ्या आल्या असत्या तर पुन्हा पाठ केल्यासारखंच दिसलं असतं.

पट्टी टेबलावर ठेवली. मी सांगितलं. मेट्रनबाईंनी एकेकीला विचारलं, आणि काय तो गोंधळ. रेडिओ म्हणाली सकाळची वेळ होती. दुसरी म्हणाली नाही, जेवणानंतर. एक म्हणाली ओरडली, दुसरी म्हणाली ओरडली नाही, म्हणूनच आम्हाला उशिरा कळलं. तिसरी म्हणाली मी कपडे भरत होते, फक्त धावताना बघितलं. माझ्या जिभेला नुसत्या मुंग्या आल्या. जेवणानंतरचीच वेळ होती, मला पक्कं माहीत. पण बोलले नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

मला वाटलं, संपलं. यांचा मेळच बसत नाही, कोण विश्वास ठेवणार.

मेट्रनबाई पट्टीशी खेळत होत्या. म्हणाल्या, "दाराची गोष्ट मी तीनदा ऐकली होती. तिन्ही वेळा शब्दाला शब्द. आज पहिल्यांदा कुणीतरी तिथे होतं असं वाटतंय."

मग जावेला म्हणाल्या, "तुम्ही सांगा." जाऊ उभी राहिली. मध्ये बराच वेळ गप्प झाली. कुणी तिला पुढचं वाक्य सुचवलं नाही. मीही नाही.

३० तारीख, रविवार

निकाल लागला. इजा कामावरची, असं लिहिलं गेलं. जावेला हलकं काम. हलकं काम धुलाईत एकच आहे, ते माझं टेबल. मला लेखी ताकीद आणि रोलर. जाळी मोकळी राहणार, आकडा कमी करून दिलाय. सुपरवायझरला काय दिलं ते आम्हाला कोण सांगतंय. तो माझ्याकडे बघत नाही, एवढं खरं.

टेबल गेलं याचं वाईट वाटतं. खोटं कशाला लिहू, यात चूक नसते म्हणाली ना ती.

वहीवालीला आता सगळ्या मुलाखती पुन्हा घ्यायच्या आहेत. तिच्या मॅडमनी सांगितलं, सहा महिने लांबणार. मी म्हटलं, माझ्यामुळे. म्हणाली, "तुमच्यामुळेच, मावशी," पण ती असं म्हणाली की शिवी वाटेना. वही दाखवू का, विचारलं. म्हणाली, शेवटपर्यंत विचार करा, मग द्या. देणार आहे. माझं नाव नसेल त्यात, पण गप्प बसले तेवढं लिही म्हटलंय.

१ तारीख, मंगळवार

जाऊ आज टेबलावर बसली. मी रोलरवर घामाघूम, मग घडीला. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिची ती दोन बोटं ताठ असतात, चादरीच्या कडेने तीच फिरवत होती.

अकराच्या सुमाराला हाक आली. "जाऊबाई."

सगळ्यांसमोर. मी गेले. माझ्या घडीची चादर तिने उलगडून काचेवर पसरली होती.

"ही पास करता येत नाही."

"काय झालंय तिला? मी स्वतः घातलीये घडी."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि कप आपटते तशी नाही, हळू ती चादर माझ्याकडे सरकवली.

मी उजेडावर धरली. उलटी करून धरली. कोपऱ्यात, शिवणीला लागून, राईएवढं भोक होतं.